बाईंच्या बाजूचा आरसा

ही हकिगत दोन हजार अठरा सालची. त्या वर्षी बाईंना नवी गाडी घ्यायची होती. कोणती घ्यावी यावर महिनोन् महिने बोलणं चाललं आणि ते सगळं माझ्या कानावर पडत होतं.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. गाडीतला नेहमीचा आरसा चालवणाऱ्याकडे वळवलेला असतो. पण गाडी शिकवणाऱ्यालाही मागचा रस्ता दिसावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी एक जादा आरसा लावतात. तो मी. तळहाताएवढा, काळ्या चौकटीचा. पाठीला रबराची वाटी आहे, ती जराशी ओली करून दाबली की मी समोरच्या काचेला घट्ट धरून बसतो. कारखान्यात तपासणीवरच्या एका मुलीने मला उजेडात तिरपा धरून बारकाईने पाहिलं होतं. माझ्या शेजारच्या भावाच्या काचेत लहर निघाली, तो बाजूला पडला. मी सरळ निघालो. त्याचा अभिमान मला अजून आहे.

बाईंनी गाडी शिकवायचा क्लास काढून मला घेतलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. पुढे दोन गाड्या बदलल्या, मी तोच राहिलो. किती माणसं शिकून गेली! एक निवृत्त मास्तर होते, ते वळताना खिडकीतून हात काढून रहदारीला वर्गासारखं गप्प बसवायचे. एक वकीलबाई ब्रेक दाबण्याआधी त्याची कारणं सांगत. मला रस्ता तर दिसेच, पण त्याहून जास्त बाईंचा चेहरा दिसे. शिकणारा गडबडला की त्यांच्या ओठाचा एक कोपरा आत ओढला जाई. मला वाटे, असेल एकेकाची सवय.

बाईंच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. त्यांचे यजमान मोटारमिस्त्री. ती जादा पेडलं त्यांनीच बसवलेली. पण वर्षानुवर्षं दाबून दाबून बाईंचा डावा गुडघा धरला. जिना उतरताना त्या कठड्याला लोंबकळू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच सोडा. लेक म्हणाली, हायब्रिड घे, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालते, क्लचच नाही. मिस्त्रींचं मत साध्या छोट्या गाडीला. हायब्रिडचं बॉनेट उघडलं की आपल्याच दुकानात आपण पाहुणे असल्यासारखं वाटतं, असं ते म्हणत. मग गुडघ्याचं काय, असं विचारलं की पाना शोधायला उठून जात. बाईंना दोन्हीकडे ओढ लागे. क्लच शिकवायचा नाही, तर दारावर पाटी तरी कसली लावायची?

त्याच सुमारास एक सिस्टर शिकायला येत होत्या. वयाने चाळिशीपुढच्या, अबोल. वीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या करून त्या थकल्या होत्या. आरोग्य केंद्रात फिरतीच्या नर्सची जागा निघाली होती. काम दिवसाचं, संध्याकाळ मुलीसोबत घरी. अट एकच, केंद्राची गिअरची गाडी स्वतः चालवायची आणि महिनाअखेर लायसन्स दाखवायचं. सिस्टर शिकताना झकास चालवत. परीक्षेत मात्र तीनदा नापास झाल्या होत्या. गाडी तीच, मीही तोच. फक्त बाईंच्या जागी इन्स्पेक्टर बसले की पहिल्याच चढावर इंजिन बंद. सिस्टरांनी धसका घेतला. बाई म्हणायच्या, मन घाबरतं तुमचं.

शोरूमला जायचं ठरलं ती वेळ नेमकी सिस्टरांच्या तासाची होती, म्हणून दोघी मिळून गेल्या. तिथला टायवाला विक्रेता बाईंचाच जुना विद्यार्थी. मागच्या बंदिस्त आवारात सिस्टरांनी हायब्रिड चालवून पाहायला त्याची ना नव्हती. बाईंनी पर्समधून मला काढून काचेला लावलं. माझ्याशिवाय त्या शिकाऊ माणसाशेजारी बसतच नसत.

एक फेरी छान झाली. फाटकाशी सिस्टरांनी गाडी उभी केली आणि इंजिनचा आवाज थांबला. सिस्टरांनी स्टिअरिंग सोडून दिलं.

"बंद पडली. परत बंद पडली, बाई."

बाईंच्या ओठाचा कोपरा आत गेला आणि खाली धप, धप, धप असा आवाज आला.

"चालू आहे, मॅडम. उभी राहिली की ही गप्पच होते," मागच्या सीटवरून टायवाला म्हणाला. मग पुढे वाकून, "बाई, तुम्ही काय दाबताय? तिथे काही नाही."

बाईंनी पायाशी वाकून पाहिलं. मग तोच हळूच म्हणाला, "माझ्या वेळीही क्लच तुम्हीच दाबायचात. परीक्षेत मी दोनदा आपटलो, ते त्यामुळेच. तेव्हा सांगायची छाती झाली नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या माझ्यातून रस्ता बघत, त्या दिवशी स्वतःला पाहिलं.

"म्हणजे सिस्टर, इतके दिवस गाडी मीच चालवत होते."

"मग तीनदा नापासही तुम्हीच झालात, बाई," सिस्टर म्हणाल्या. आणि दोघी इतक्या हसल्या की टायवाल्याला काय करावं कळेना.

त्या संध्याकाळी बाईंनी मिस्त्रींना आपल्या बाजूचा क्लच काढून टाकायला सांगितलं. ब्रेकही काढू का, असं त्यांनी विचारलं. "तो राहू द्या," बाई म्हणाल्या, "मला इतक्यात मरायचं नाहीये."

पुढचे दिवस कठीण गेले. एका सकाळी चौकात गाडी अकरा वेळा बंद पडली. मागची रांग मला पार कोपऱ्यापर्यंत दिसत होती आणि भोंग्यांनी मी थरथरत होतो. बाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. बाराव्या वेळी सिस्टरांनी क्लच अर्ध्यावर धरला, गाडीने अंग हलवलं आणि ती निघाली. परीक्षेत इंजिन एकदा बंद पडलंच. सिस्टरांनी गिअर काढला, पुन्हा चालू केलं आणि चढ चढून गेल्या. इन्स्पेक्टरांनी मान न वळवता सही केली.

बाईंनी साधी छोटी गाडीच घेतली. हायब्रिड नावडली म्हणून नव्हे. त्यांच्या विद्यार्थ्यांना पुढे ज्या गाड्या चालवायच्या होत्या, त्यांत क्लच होता. नव्या गाडीत बाईंच्या पायाशी फक्त ब्रेक बसला. वर्षाच्या आत गुडघा ताळ्यावर आला.

सिस्टर अजून फिरतीवर आहेत. त्यांची मुलगी गाडी आईकडूनच शिकली. टायवाला त्या शोरूमचा मुख्य झाला. मिस्त्री साठी उलटल्यावर तरण्या पोरांत बसून हायब्रिडची दुरुस्ती शिकून आले. बाईंनी दोन वर्षांपूर्वी क्लास बंद केला आणि स्वतःला फिरायला हायब्रिडच घेतली. तिच्यात मला काम नाही. मी मिस्त्रींच्या गॅरेजात बेसिनवर टांगलेला असतो. माणसं माझ्यासमोर हाताचं ग्रीस धुतात, भांग पाडतात. बरं चाललंय माझं.

एवढंच मागणं, मित्रांनो, की आरसा बाहीने पुसू नका, ओरखडे राहतात; मऊ, ओलसर फडकं घ्या. आणि तुमच्या शेजारी कोणी शिकत असेल, तर तुमचा पाय मागे घ्या. गाडी बंद पडेल. मागचे भोंगे वाजवतील. वाजवू द्या.