सुभेदारांचं इंग्रजी

तुपाची पळी. पितळेची, दांड्याला किंचित बाक आलेली, आणि टोकाशी एक थेंब — पडेल, आता पडेल असं वाटायला लावून तिथंच लोंबत राहिलेला. त्रिशला त्या थेंबाकडेच बघत होती, कारण वर बघितलं असतं तर तोंडावरचं सगळं दिसलं असतं. समोर पाटावर तिचा नवरा भूपाल आणि सांगलीहून आलेला त्याचा कॉलेजातला मित्र, दोघं इंग्रजीत बोलत होते. मित्रानं विचारलं होतं, बायकोला तिकडे कधी नेणार? आणि भूपाल हसून म्हणाला होता, "शी इज अ मिलस्टोन राउंड माय नेक, यार." मग लगेच मराठीत, तिच्याकडे न बघता, "तूप वाढ."

तिनं वाढलं.

तीन वर्षांपूर्वी विलायतेला जाताना सांगलीच्या स्टँडवर हाच माणूस म्हणाला होता — भाषा शिक, पुस्तकातली नको, लोक बोलतात तशी. आलो की घेऊन जातो. आलो की घेऊन जातो... एवढ्या चार शब्दांवर तिनं तीन उन्हाळे काढले. गावात तसली भाषा येणारे एकटे लालासाहेब सुभेदार, लढाईत गोऱ्यांच्या शेजारी राहिलेले. दुपारी ते सोप्यात येऊन बसायचे, आणि सून परक्या पुरुषासमोर एकटी कशी बसणार म्हणून सासूबाई, शालनबाई, मध्ये सूप घेऊन जोंधळा निवडत बसायच्या. सुभेदार बजावायचे, "पोरी, गोऱ्याच्या म्हणीत शब्द धरून बसलीस तर फसशील. बादलीला लाथ मारली म्हंजे मानूस मेला. शब्द येगळा, अर्थ येगळा." फक्त एकदा, मिलस्टोनच्या वेळी, शालनबाईंनी सुपातून मान वर काढली होती आणि खळखळून हसल्या होत्या, "आवं, ही तर आमचीच की! गळ्यातली धोंड!" सुभेदारही हसले, म्हणाले, व्हय, एवढी एक शब्दाला शब्द आपली.

मीही हसले होते तेव्हा. किती हसले होते मी.

सोमवारी भूपाल आला. बॅगेचं कुलूप उघडेना, तिनं केसातला आकडा काढून ते उघडलं आणि तीन वर्षं जपून ठेवलेलं वाक्य पहिल्यांदा वापरलं — बॉब्ज युअर अंकल! झालं काम, अशा अर्थी. बरोबर होतं, अगदी जागेवर होतं. तर भूपाल पोट धरून हसला. कोण बॉब? ही पलटणीतली भाषा तुला कुणी शिकवली? आणि मग सबंध आठवडा तो तिच्यादेखत इंग्रजीत बोलत राहिला, बैलासमोर बोलावं तसा. उद्या तो परत जायचा आहे. नेणार की नाही, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही... सांगितलं की मित्राला.

आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला.

तिनं वळून बघितलं. शालनबाईंची भाकरी तव्यावर काळी पडत होती आणि त्यांचा हात हवेतच थांबला होता. या घरात आल्यापासून त्रिशलानं सासूची भाकरी करपलेली बघितली नव्हती. दोघींची नजर भेटली आणि लगेच सुटली. म्हणजे यांनाही कळलं... सूप मांडीवर घेऊन तीन वर्षं यांनीही!

आता बोलतील. आई आहेत त्या, ती काळी भाकरी आणून त्याच्या ताटात टाकतील, विचारतील त्याला — त्रिशला वाट बघत राहिली, लहान पोरीनं बघावी तशी. शालनबाईंनी करपलेली भाकरी बाजूला काढून ठेवली, नवी थापली, चांगली फुगवली आणि म्हणाल्या, "गरम हाय, भूपालला वाढ."

पुरुष उठून सोप्यात गेले. उन्हाचा शेवटचा पट्टा चुलीपर्यंत सरकला होता. जैनांचं घर; दिवस मावळल्यावर इथं कुणी तोंडात घास घालत नाही.

"अजून उजेड हाय, बाई. दोन घास खाऊन घे."

"तुमी जेवा, आत्याबाई," त्रिशला सासूला म्हणाली.

शालनबाई राखेत बोट फिरवत राहिल्या. मग खालच्या आवाजात, "बोलायच्या भरात म्हणत्यात मानसं. सुभेदार सांगायचं न्हवं... शब्द येगळा, अर्थ येगळा."

त्रिशलाला त्यांचा राग आला, नवऱ्याचा आला नव्हता इतका. त्यानं निदान खरं सांगितलं होतं. आणि ह्या, ज्यांच्या घरात ही धोंड आता जन्मभर राहायची त्या, तिलाच समजावत होत्या की तुला काही कळलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "मला कुठं कळतंय."

पट्टा विझला. शालनबाईंनी न जेवताच दोन्ही ताटं पालथी घातली. बाहेर भूपाल पुन्हा काहीतरी बोलला, मित्र मोठ्यानं हसला. त्रिशलानं नळाची तोटी सोडली, भांड्यांचा आवाज केला, मनातल्या मनात णमोकार म्हणू लागली... आणि तरी त्याचा एकेक शब्द, लांबून, नीट, अर्थासकट आत येतच राहिला.