एक्केचाळिसाव्या प्रश्नाची कोरी जागा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रश्नोत्तरीत एकशे बारा प्रश्न आहेत आणि एकशे अकरा उत्तरे. एक्केचाळिसावा प्रश्न असा आहे : ‘ज्याला कधीही क्षमा नाही असे पाप कोणते?’ त्याखाली चार बोटे कोरी जागा आहे. नवख्या वाचकाला ती छापखान्याची चूक वाटते. वास्तविक ती आमच्या समितीच्या विद्वत्तेची खूण आहे.

समितीत आम्ही चौघे. अध्यक्षस्थानी थोरले पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. त्यांच्या उजव्या हाताला निवृत्त वकील, डाव्या हाताला शास्त्राच्या मूळ भाषेचे प्राध्यापक. या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘विभक्ती’ हे नाव ठेवले होते आणि ते त्यांना इतके चपखल बसले की त्यांची पत्नीही कधीतरी त्याच नावाने हाक मारी, असे म्हणतात. चौथा मी, चिटणीस; इतिवृत्त लिहिणे आणि कपाटाची किल्ली सांभाळणे ही माझी कामे. समितीचा एकच नियम अभंग होता : प्रत्येक वाक्य एकमताने संमत व्हावे, एकाचाही नकार आला तर विषय पुढील बैठकीवर ढकलावा. एकशे अकरा उत्तरांवर एकमत झाले, कारण त्यांत कोणालाच रस नव्हता.

एक्केचाळिसाव्या प्रश्नात मात्र सर्वांनाच रस होता. अध्यक्षांचे मत असे की उत्तर जरा मोघमच असावे. नेमके पाप सांगितले तर लोक तेवढे टाळतील आणि बाकीचे बिनघोर करतील. वकिलांना उत्तरास पोटकलमे व अपवाद हवे होते. विभक्तींना क्रियापदाच्या काळाविषयी शंका होती आणि ती शंका फिटू नये यासाठी ते जिवापाड झटत. अशा रीतीने तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींत ती चार बोटे जागा पांढरीच राहिली.

मला उत्तर ठाऊक होते. यात माझे काही कर्तृत्व नाही. ज्याने शास्त्रातला तो प्रसंग मागचे-पुढचे न वगळता वाचला आहे त्या कोणालाही ते ठाऊक असते. एका झपाटलेल्या माणसाला प्रभूच्या हातून गुण येतो. राजधानीहून मुद्दाम आलेले शास्त्री तो गुण डोळ्यांनी पाहतात, नाकारू शकत नाहीत, आणि म्हणतात की हे काम भुतांच्या सरदाराच्या बळावर झाले. तेथे, पवित्र आत्म्याच्या कामाला सैतानाचे म्हणणाऱ्याला क्षमा नाही, हा भयंकर इशारा येतो, आणि तो चोरांना किंवा जारिणींना उद्देशून नाही, त्या शास्त्र्यांना उद्देशून आहे. हे मी पहिल्याच बैठकीत सुचवून पाहिले होते. अध्यक्ष म्हणाले, सूचना चांगली आहे, पुढे घेऊ. मी इतिवृत्तात ‘पुढे घेऊ’ असे लिहिले आणि घरी जाऊन जेवलो.

आता ती कोरी जागा कोणी वाचली ते सांगतो.

आमच्या चौघांचे झगे शिवणारी एक विधवा बाई चार गल्ल्या पलीकडे राहत असे. तिचा नवरा फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. तो अंथरुणावर असताना आमच्या मंडळीतील प्रार्थनेचे पथक सात दिवस तिच्या घरी ठाण मांडून होते. रोज उच्च स्वरात घोषणा होई की पवित्र आत्मा या खोलीत उतरला आहे, रोगी उठून चालणार आहे. आठव्या दिवशी रोगी उठला नाही. त्याला उचलावा लागला. तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सर्वांदेखत म्हणाली, “आला होता ना तुमचा आत्मा? मग तो पवित्र नव्हताच. सैतान होता तो.”

दुःखाच्या भरात तोंडून निघालेले वाक्य ते. पण शोक ओसरल्यावर तिला आठवले की असेच काहीसे बोलणे शास्त्रात अक्षम्य ठरवले आहे. खात्री करून घ्यावी म्हणून तिने आमची प्रश्नोत्तरी उघडली. प्रश्न होता, खाली काहीच नव्हते. एकशे अकरा पापपुण्यांची उत्तरे बिनदिक्कत छापणारी विद्वान माणसे येथेच का थांबली, याचा तिने तिच्यापुरता सरळ अर्थ लावला : ते इतके घोर असावे की छापायलाही कोणी धजले नाही. आमच्या आळसाला इतका आदर कोणीच कधी दिला नव्हता.

तिने प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, येणे सोडले, मग उपासनेला येणे सोडले, मग शिवणाच्या खोलीत आतून कुलूप लावून बसू लागली. काम मात्र चोख चाले. दाराच्या फटीतून कापड आत जाई आणि झगा बाहेर येई. जेवण दोन घासांवर आले. तिची धाकटी बहीण, जी टपालकचेरीत पत्रे लावण्याचे काम करीत असे, ती मला म्हणाली की ताईने स्वतःचे कपडे तीनदा आत घेतले, आता शिवणीत धरायला कापड उरलेले नाही.

ही धाकटी एके दिवशी सरळ बैठकीत आली. बसा म्हटले तरी बसली नाही. तिने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, “साहेब, मला पुस्तक नको. हो की नाही, एवढंच सांगा. माझ्या ताईच्या हातून ते पाप झालंय का?”

अध्यक्षांनी मृदू आवाजात सांगितले की विषय समितीच्या विचाराधीन आहे आणि घाईने दिलेले सांत्वन घाईने शिवलेल्या झग्यासारखे उसवते. विभक्तींनी विचारले की बाईंनी नेमके कोणते क्रियापद वापरले, ‘आहे’ की ‘होता’. अर्थावर फरक पडू शकतो.

“आठव्या दिवशी नवरा गेलेल्या बाईचा काळ कुठला धरायचा,” धाकटी म्हणाली, “ते तुम्हीच बघा. तुमचा तो धंदा आहे.”

वकिलांनी तिला अर्ज करायला सांगितले, दोन प्रतींत. तिने तो केला. मी तो आवक नोंदवहीत चढवला. त्यानंतर नऊ बैठका झाल्या आणि अर्ज प्रत्येक वेळी विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा होता. शेवटचा विषय चहाचा असे, आणि त्याला कधीही उशीर झाला नाही. बाईने कुलूप लावले त्या दिवसापासून मोजले तर अकरा महिने होत आले.

अकराव्या महिन्याच्या अखेरीस त्या खोलीच्या कुलपात किल्ली मोडली. बाई आत, किल्लीचा अर्धा तुकडा कुलपात. धाकटीने नाक्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावले. हा मनुष्य मुलीच्या बाप्तिस्म्यानंतर प्रार्थनामंदिराच्या दारात दिसला नव्हता आणि त्याची भाषा अशी की रस्त्यावर तो बोलू लागला की आया मुलांना दुसऱ्या फुटपाथवर नेत. पाच मिनिटांचे काम होते. त्याला दोन तास लागले. धाकटी जिन्यावर बसून ऐकत होती. पुढचे तिच्याकडूनच मला कळले.

आतून रडणे ऐकू आल्यावर त्याने आधी विचारले की कुठे लागले-बिगले आहे का. मग बाईने, कोण जाणे कशी, त्या अनोळखी माणसाला दाराच्या फटीतून सगळे सांगितले. कदाचित तो समितीवर नव्हता म्हणूनच. त्याने कानस खाली ठेवली आणि उंबऱ्याशी बैठक मारली.

“बाई, तीस वर्षं मी कुलपं बदलतोय,” तो म्हणाला. “पोरगं शिव्या देऊन घराबाहेर पडलं की बाप मला बोलावतो. म्हणतो, कुलूप बदल, आता त्याला या घरात थारा नाही. मी बदलून देतो. महिनाभरात तोच बाप परत येतो, खाली मान घालून. म्हणतो, असं कर, हे नवं कुलूप त्याच्या जुन्या किल्लीनं उघडेल असं करून दे. मी बदललं होतं हे त्याला कळता कामा नये.”

आतून तिने विचारले की सगळेच बाप परत येतात का.

“नाही येत काही. पण ज्याला दार नकोच असतं ना बाई, तो दारात रडत बसत नाही. तो पोटभर जेवतो, गाढ झोपतो. तुमच्यासारखा वाळत नाही.” आणि हत्यारे गोळा करीत त्याने पुस्ती जोडली, “तुमचा देव माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा हलका निघाला, तर मला कळवा. मी मंदिरात येणं बंद करतो. तसा येत नाहीच म्हणा.”

धाकटी सांगते की ताई आतून हसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. कुलूप उघडले, ती बाहेर आली, मोरीवर तोंड धुतले आणि ताटात काय आहे ते न पाहता जेवली. पुढच्या रविवारी ती मंदिरात तिसऱ्या रांगेत बसली होती आणि प्रभुभोजनाला उठून पुढे आली.

कुलूपवाल्याची हकीकत मंडळीभर पसरली आणि तिसऱ्याच दिवशी समितीची तातडीची बैठक भरली. अकरा महिने ज्यांना सवड झाली नव्हती ते नियोजित वेळेच्या दहा मिनिटे आधी हजर होते. वकिलांनी विचारले की एका कुलूपवाल्याला पापक्षमेच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली पोहोचतो. विभक्तींनी त्याच्या दृष्टांताला बाजारू म्हटले, परंतु अभ्यासक असल्यामुळे त्यांना एक गोष्ट मान्य करावी लागली. “ती बरी झाली आहे, हे खरं,” ते म्हणाले. “मी स्वतः पाहिलं.”

“मीही पाहिलं,” अध्यक्ष म्हणाले. “रंग परतलाय, खाते-पिते. म्हणूनच तर सांगतो. आपल्याला न विचारता आलेली शांती वरून येत नसते, ती खालून येते. त्या माणसाच्या हातून जे झालं ते सैतानाचं काम आहे. बरोबर हत्यारांची पिशवी होती, इतकंच.”

टेबलावर त्या शास्त्र्यांचा तोच उतारा उघडा पडलेला होता. विभक्तींनी क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघही मारली होती. तिघांपैकी एकाचीही नजर तिकडे गेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मला फार दिवसांनी आठवली. मी अध्यक्षांचे वाक्य काना-मात्रा न बदलता इतिवृत्तात उतरवले. तीन आवृत्त्यांत जे उत्तर सापडले नव्हते ते समितीने स्वमुखाने दिले होते, वर उदाहरणासह.

मग ठराव मांडला गेला : एक्केचाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर निश्चित होईपर्यंत सदर बाईस प्रभुभोजनापासून दूर ठेवावे आणि तसे पत्र तिला द्यावे. पत्राचा अर्थ मला स्पष्ट दिसत होता. ती पुन्हा त्या खोलीत जाईल, आणि या वेळी किल्ली मोडेपर्यंत ती जगणार नाही. तीन हात वर झाले. माझा झाला नाही.

“माझा नकार आहे,” मी म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“कारण?”

“कारण विचारण्याची नियमात तरतूद नाही.”

अध्यक्षांनी वकिलांकडे पाहिले. वकिलांचा चेहरा आंबट झाला, पण नियमाशी ते प्रामाणिक होते. “नाही,” ते पुटपुटले, “तशी तरतूद नाही.” विषय पुढील बैठकीवर गेला. आमच्या समितीत पुढील बैठकीवर गेलेल्या विषयाचे काय होते, हे त्या बाईइतके कोणाला ठाऊक असणार? ज्या दिरंगाईने तिला वाळवले तीच आता तिच्या दाराशी राखणीला बसली.

निघताना अध्यक्षांनी विचारले की मला त्या बाईचा एवढा कळवळा कधीपासून. मी कपाटाला किल्ली लावली. ‘अकरा महिने उशिरापासून’ हे खरे उत्तर होते.

पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त प्रथेप्रमाणे ‘वाचले असे समजून’ कायम झाले आणि त्याखाली चौघांच्या सह्या पडल्या. ते माझ्या कपाटात आहे. प्रश्नोत्तरीतली जागा अजून कोरीच आहे.

माझ्या नकारानंतरच्या रविवारी अध्यक्ष भाकरीचे तबक घेऊन रांगेपुढून येत होते. बाईसमोर ते क्षणभर थांबले. तिने दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या टोकांवर सुईचे काळपट ठिपके होते. ठराव नव्हता, म्हणून अध्यक्षांना नकार देता येत नव्हता. त्यांनी तुकडा ठेवला. तिने तो शांतपणे खाल्ला आणि जागेवर जाऊन बसली, बस्स.

दारात धाकटीने मला गाठले. “तुम्हाला उत्तर आधीपासून माहीत होतं ना?”

मी हो म्हटले. पण ते संमत झालेले नव्हते, असेही म्हटले.

“आम्ही चार गल्ल्या लांब राहतो,” ती म्हणाली. पत्ता नसलेल्या पाकिटाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले आणि ताईचा हात धरून निघून गेली.

ज्याला दार नकोच असते तो पोटभर जेवतो आणि गाढ झोपतो. मी मागचे अकरा महिने आठवून पाहिले. एकही जेवण चुकल्याचे आठवेना. झोप तर लहानपणापासूनच चांगली आहे.

सोमवारी मी कपाटाचे कुलूप काढले आणि नाक्यावर गेलो. कुलूपवाल्याने ते हातात घेतले, किल्ली फिरवली, उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मग माझ्याकडे वर पाहिले.

“साहेब, हे तर धड आहे. काम काय आहे?”

त्याच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होते. मी त्यावर बसलो.