काचेच्या कौलाखालचं इरलं

शहाडच्या पलीकडच्या ठाकरवाडीत दामाजी बांबूच्या कामट्या काढायचा आणि त्याची बायको आवडाबाई इरलं विणायची. भातलावणीला वाकलेल्या बाईला डोक्यापासून कमरेपर्यंत कोरडं ठेवणारी ही टोपी. दोन जाळ्या, मध्ये पळसाची पानं. तीस वर्षं दामाजीची नजर कोयत्यावर राहिली. तिच्या बोटांकडे बघायचं राहूनच गेलं.

शहाऐंशी सालच्या चैत्रात ती गेली. लेकीच्या, शकूच्या इरल्याची वरची जाळी तिने विणली होती. आतली राहिली.

"राहू दे बाबा. बाजारात निळं प्लास्टिक मिळतंय," शकू म्हणाली.

"आईनं कबूल केलेलं ना? मग होईल."

तिची जाळी उसवली असती तर वीण कळली असती. पण तिच्या हातचं शेवटचं काम ते. हात धजेना.

जाळी आढ्याला टांगलेली होती, काचेच्या कौलाखाली. एका दुपारी तो आडवा झाला आणि बघतो तर सारवलेल्या जमिनीवर सगळी वीण उतरलेली. सहा कोनांची घरंच घरं. तो उठला आणि सावलीवर कामट्या मांडू लागला. कुठली वरून, कुठली खालून, तेवढं मान वर करून बघायचं.

दिवस कलेपर्यंत विणलं. संध्याकाळी मेहुणी चंद्रभागा आली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"भावजी, हे शकूला की तिच्या म्हशीला?"

सूर्याबरोबर सावली सरकली होती, जाळीही तिरकी गेली होती. त्याने स्वतःचं सगळं उसवलं. मग रोज ऊन डोक्यावर असेल तेवढाच वेळ बसायचा. वारा आला की सावली हलायची. तेव्हा वाटायचं, ती समोर बसलीय, कामटी ओढतेय. तो थांबायचा. सावली थांबली की पुढे विणायचा.

वैशाख सरता सरता जाळी झाली. पण जोडली नाही. जोडली की आढ्याची जाळी खाली उतरणार, सावलीही जाणार.

"आठ दिवस झाले, पानं वाळून चालली," चंद्रभागा म्हणाली. "आक्का काय टांगून ठेवायला विणत होती?"

त्याने पानांवर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी शकू आली. काखेत निळ्या प्लास्टिकची घडी. "राबात भाताचं बी पेरलं बाबा, आता लावणी येईल. हे आणलंय. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

दामाजीने घडीकडे बघितलं, मग वर. तो पाटावर चढला आणि जाळी सोडली. नवी पानं घातली, कडा बांधल्या, इरलं लेकीच्या डोक्यावर ठेवलं.

शकू कौलाखाली वाकली, हातात रोपं असल्यासारखी. "बघा, कुठून उजेड येतोय का?"

जमिनीवर विणीचं एकही घर नव्हतं. नुसती एक वाकलेली बाई, लावणी करत मागे मागे सरकणारी.

"नाही," दामाजी म्हणाला. "थेंब जायचा नाही."

सावली जवळ आली, तसा त्याने पाय मागे घेतला.