घट्ट हवेचा पंप

मित्रांनो, मी सायकलीत हवा भरायचा एक जुना पंप आहे. खाली पाय रोवायला लोखंडी पट्ट्या, वर लाकडी मूठ आणि बाजूला रबरी नळी, एवढाच माझा संसार. किती हवा भरली ते दाखवणारा काटा नव्या पंपांना असतो, मला नाही. आमच्या काळी ते काम माणसाचा अंगठा करत असे.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. नळकांड्यात दट्ट्या बसला, दट्ट्याला चामड्याचा वायसर लागला आणि गवतात गुंडाळून मला मालगाडीत टाकलं. भिलाईच्या कॅम्प-1 वस्तीतल्या एका दुकानात मी वर्षभर लटकून होतो. तिथून मला भैयालालने घेतलं. तो गोंदियाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पोलाद कारखान्यात नुकताच फिटर म्हणून लागलेला.

पहाटेच्या शिफ्टला निघण्याआधी तो रोज चाक दाबून बघे आणि अंगठा रुतेनासा होईपर्यंत माझा दांडा मारत राही. “ढिलं राहीन तं तुटन,” असं तो म्हणायचा. नट असो, पट्टा असो की चाक, सगळ्यांना त्याचा हा एकच कायदा. शेजारीपाजारी मला मागून न्यायचे आणि परत आणताना म्हणायचे, भैयालालचा पंप म्हणजे दगडासारखी हवा. मला त्याचा मोठा अभिमान होता. हवा भरणारेच असे हवेत गेले, तर नवल ते काय?

पुढे घरात स्कूटर आली आणि मी दारामागे गेलो. माझ्या वायसरचं चामडं वाळलं. दांडा मारला तर नुसता सुस्कारा निघायचा. भैयालाल निवृत्त झाला, तोही तसाच दाराशी बसून असायचा. आम्हा दोघांना पुन्हा काम दिलं ते त्याच्या मुलीने, उन्नतीने.

आमच्या सेक्टरमधल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या, कमलिनी मॅडम मुलींचा सायकल क्लब चालवतात. क्लबकडे एकच ग्रॅव्हल सायकल होती, रुंद चाकांची, मुरूम आणि गिट्टीवर पळणारी. ती उन्नतीला वापरायला मिळाली, पण एका अटीवर. जानेवारीत बायकांची एकशे चाळीस किलोमीटरची शर्यत होती. ती दहा तासांत पुरी केली तर सायकल वर्षभर तिच्याकडे राहणार. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीकडे, जामुलच्या अपेक्षाकडे जाणार. उन्नती चार महिने पहाटे उठून कालव्याकाठच्या रस्त्यावर घाम गाळत होती. भैयालालने माझ्या वायसरला खोबरेल तेल पाजलं. मी पुन्हा श्वास घेऊ लागलो.

शर्यतीच्या पहाटे उन्नती आंघोळीला गेली होती. भैयालालने सवयीने चाक दाबलं. अंगठा रुतला. “हवा उतरली वाटते,” तो बायकोला, कौशल्याबाईंना म्हणाला. त्यांनी चहा गाळता गाळता मान हलवली. मग त्याने साठ दांडे मारले. चाकं टणक झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती माझीही होती. मीही जोर लावून हवा भरली.

सहा वाजता बायका सुटल्या. आपण निम्म्या वाटेवरच्या नोंदणी चौकीवर जाऊन उभं राहू, असं भैयालालने ठरवलं. कामी येईल म्हणून त्याने मलाही स्कूटरवर घेतलं. चौकी एका गावच्या शाळेच्या पटांगणात होती. एकेक बाई यायची, पाणी प्यायची, निघून जायची. दहा वाजले, अकरा वाजले, उन्नतीचा पत्ता नव्हता.

अकरा पंचवीसला ती आली. कोपर सोललं होतं, त्यात मुरूम भरला होता. तळहातांना फोड आले होते. भैयालालचे हात शिवशिवले. तो मला घेऊन पुढे सरसावला, तसं नोंद घेणाऱ्या नीतूने अडवलं. “काका, सायकलीला हात लावू नका. बाहेरच्याची मदत घेतली तर बाद होऊन जाईल ती.”

उन्नतीने मला पाहिलं. मग मागचं चाक दाबून पाहिलं.

“बाबा, सकाळी हवा तुमी भरली काय?”

“भरली ना. उतरून गेली होती. साठ दांडे मारले.”

“उतरली नव्हती. मीच कमी ठेवली होती. गिट्टीवर टायर थोडा दबला पाहिजे, नहीं तो उछलता है. दोनदा पडली मी.”

“मंग सांगतलं कावून नाही मले?”

“तुमी विचारलं कुठं?”

ती रागावून बोलली नाही, म्हणून ते अधिक लागलं. ती खाली बसली आणि व्हॉल्व्हची पिन नखाने दाबली. मी भरलेली हवा माझ्यासमोर फुस्स करत बाहेर पडू लागली. खरं सांगतो, मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. भैयालाल मला छातीशी धरून नुसता उभा होता. दोन्ही चाकं मनासारखी झाल्यावर ती उठली आणि निघाली.

ती शेवटच्या रेषेवर पोचली तेव्हा चार वाजून नऊ मिनिटं झाली होती, दहा तासांवर नऊ मिनिटं जास्त.

पहिल्या अर्ध्या वाटेपेक्षा दुसरी अर्धी तिने एक्केचाळीस मिनिटं लवकर कापली होती. फिटरला हा हिशेब करायला कागद लागला नाही. तो कमलिनी मॅडमकडे गेला. “मॅडम, गलती पोरीची नाही. हवा मी भरली.”

“मला नीतूने सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “उन्नती एक शब्द बोलली नाही. पण भैयालालजी, वेळ सगळ्यांना सारखीच.”

चौथ्या दिवशी अपेक्षा सायकल न्यायला आली. सतरा वर्षांची, जामुलहून बसने आलेली. कौशल्याबाईंनी तिला पोहे दिले. उन्नतीने सायकल पुसून अंगणात काढली. चाकं नरमच होती. भैयालालने मला आणलं, नळी लावली, पट्ट्यांवर पाय ठेवले, मूठ धरली. आणि थांबला.

“बाई, कोणत्या रस्त्यानं जाशीन?”

“डांबरीनेच, काका. सीधा घर.”

“मंग किती भरू?”

अपेक्षाला सांगता येईना. तेव्हा उन्नतीने तिचा अंगठा धरून चाकावर टेकवला. “इतकं कडक लागलं की बस म्हण. आणि मुरमावर जाशील तेव्हा याच्या बरंच आधी.”

अठराव्या दांड्याला अपेक्षा म्हणाली, “बस, काका.” भैयालालने मूठ सोडली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी थांबवलं होतं.

सायकल वळणाआड गेली. उन्नती बराच वेळ फाटकाशी उभी होती. भैयालाल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा जुना पंप असेल तर त्याच्या वायसरला महिन्यातून एकदा तेल द्या, तो नातवंडांपर्यंत टिकेल. मात्र नळी लावण्याआधी सायकल ज्याची आहे त्याला एवढं विचारा, बाबा रे, तुला जायचंय कुठे? आम्ही नऊ मिनिटांनी हरलो, आणि हे विचारायला एक मिनिटही लागलं नसतं.