नाव माझं, जेवण त्यांचं

मी कासोल बोलतेय. नाही ना ओळखलंत? 'कासुले' म्हटलं असतं तर लगेच तोंडाला पाणी सुटलं असतं. पांढरा घेवडा, बदकाचं मांस आणि सॉसेज मंद आचेवर शिजून वर खरपूस साय धरतात, तो पदार्थ. तो ज्या मातीच्या भांड्यात शिजतो ते मी. त्याचं नाव माझ्यावरूनच पडलं, पण मला विचारतो कोण!

फ्रान्समधल्या इसेल गावच्या कुंभाराने मला लाल मातीतून घडवलं, वर ऐसपैस आणि खाली निमुळती. आपण कोणीतरी खास आहोत, असं मला पहिल्यापासून वाटायचं. या भ्रमाला सिदोनी आणि फेलिसी या बहिणींनी खतपाणी घातलं. मी त्यांच्या आईची; ती गेली आणि थोरल्या सिदोनीने कुणाला न विचारता मला उचलून नेलं. फेलिसीने त्याच कुंभाराकडून माझ्यासारखीच दुसरी आणली, पण बहिणीशी बोलणं टाकलं. एकाच गल्लीत राहून दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी फुगले होते.

रविवारी पाव भाजून झाले की गावातल्या बायका आपापली कासोल बेकरीच्या भट्टीत ठेवतात. एकदा बेकरीवाल्या गॅस्तोनने गडबडीत मला फेलिसीच्या हाती दिलं. घरी पोचल्यावर तिला माझ्या काठाचा उडालेला टवका दिसला. लहानपणी तो तिनेच उडवला होता. ती माझ्यासमोर नुसती बसून राहिली.

तेवढ्यात दुसरी कासोल घेऊन सिदोनी दारात.

"ह्यात मटण आहे. कासुलेत मटण घालतं का कुणी?"

"मी घालते. म्हणजे खाल्लंस वाटतं?"

"चव बघितली."

"अर्धी कासोल रिकामी दिसतेय."

सिदोनीने ती कासोल ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "माझी दे."

"देते. आधी बस. साय नीट मोडली नाहीस तू. आई परत परत मोडून आत ढकलायची."

"मोडली होती. तुझ्यासारखी आळशी नाही मी."

आणि बसली की! दोघी जेवल्या, आईच्या गोष्टी निघाल्या. उरलेलं फेलिसीने माझ्यासकट चुलीवर ठेवलं, आणि बोलण्याच्या नादात कोरडं पडलं म्हणून वरून गार पाणी ओतलं. मी कडकन तडकले.

मी वाट पाहत राहिले. आता होणार महायुद्ध.

"गेली का?" सिदोनीने विचारलं.

"गेली."

"जाऊ दे. तुझी दुसरी आहे ना अजून."

बस्स, एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या माझ्यासाठी भांडल्या. त्यांना आई हवी होती, मी आपली हाताशी सापडले.

आता मी सिदोनीच्या खिडकीत असते. पोटात माती, डोक्यावर कोथिंबिरीसारखी पार्सली. कासुले खाल तेव्हा एकदा माझी आठवण काढा, एवढंच मागणं आहे. दर रविवारी आतून मटणावरचा वाद ऐकू येतो. मग सिदोनी पार्सली खुडायला येते आणि आतून फेलिसी ओरडते, "आईच्या कासोलला पाणी घाल गं. आता गार चालतं तिला."