जिवंतांची चिठ्ठी

रविवारी सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. उद्या गाईडला प्रबंधाचं प्रकरण द्यायचं होतं आणि शेजारच्या रशियन आन्याकाकूंच्या चिठ्ठ्या काही पुऱ्या होत नव्हत्या. मी जात्याच उतावळी. पायाला भिंगरी लावून जन्मले, असं आई नागपूरहून अजूनही ऐकवते.

अमेरिकेत पिस्कॅटवेला आल्यापासून हे माझं रविवारचं काम. मी रशियाच्या लोकसंख्येवर पीएच.डी. करतेय, त्यामुळे रशियन लिहिता येतं. काकूंचे हात थरथरतात. पाद्री प्रार्थनेत नावं वाचतो, ती दोन चिठ्ठ्यांवर द्यायची. एक जिवंतांची, एक गेलेल्यांची.

"जिवंतांची घे," काकू म्हणाल्या. "निकोलाय."

दर वेळी पहिलं नाव हेच. त्यांचा मुलगा असावा, असं मी धरून चालले होते. विचारायला वेळ कोणाला होता?

"पुढे?"

इथेच अडलं होतं. त्यांचा नातू कोस्त्या लढाईत बेपत्ता होऊन सव्वा वर्ष झालं होतं. काल रशियातून लेकीचा फोन आला होता. आई, आता त्याला दुसऱ्या चिठ्ठीवर घे, माझ्याच्याने वाट बघवत नाही.

"काकू, ठरवा ना लवकर. मला घरी जाऊन तक्ता दुरुस्त करायचाय."

म्हटलं आणि जीभ चावली.

"कसला तक्ता?"

मी सांगितलं. एकोणीसशे एकोणसाठची जनगणना, एक जिल्हा. विवाहित पुरुषांपेक्षा विवाहित बायका चारशेने जास्त. गाईड म्हणतात, नोंदीत घोळ आहे, जास्तीच्या बायका वजा कर.

"घोळ?" काकू माझ्याकडे वळल्या. "जनगणनेवाला दारात आला तेव्हा मी सतराची होते. आईने सांगितलं, विवाहित. तो म्हणाला, बाई, नवरा युद्धात गेला तो अठरा वर्षं बेपत्ता आहे. ती म्हणाली, बेपत्ता आहे ना? मेला नाही. लिही. गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी तसं लिहून घेतलं. तिला वजा करणार तू?"

मला माझीच लाज वाटली. "मग निकोलाय..."

"माझे वडील. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. मरताना आईने शपथ घातली, त्यांचं नाव जिवंतांतून काढायचं नाही."

म्हणजे आज वय शंभरच्या वर. आकडा ओठांवर आला होता. मी तो गिळला.

चर्चची घंटा झाली. काकूंनी माझ्या हातातली चिठ्ठी बघितली, मग दुसरी.

"कोस्त्या इथे लिही. जिवंतांत."

मी लिहिलं.

"आता निकोलाय खोड. त्यांना तिकडे घाल, आईच्या नावाशेजारी."

"काकू, शपथ?"

"आईला मी सांगेन काय ते." त्यांनी दार उघडलं. "दोघांची वाट बघायला आता मी पुरणार नाही."