धाकट्याची जहागीर

माझे वडील इंग्लंडचे राजे होते. त्यांनी थोरल्या भावाला गवतासकट मातीचं एक ढेकूळ दिलं आणि ते जिथून कापलं तो खड्डा मला दिला.

आमच्याकडे जमीन अशीच देतात. देणारा सुरीने ढेकूळ कापतो, घेणारा गुडघे टेकून ओंजळ पुढे करतो. ढेकूळ ओंजळीत पडलं की जमीन त्याची. ऑस्बर्टदादा तेव्हा बारा वर्षांचा होता, मी सात. मीही शेजारी ओंजळ करून बसलो होतो.

"तुला खड्डा," वडील म्हणाले. "तीही जागाच आहे."

सगळा दरबार हसला. वडील हसत होते म्हणून मीही हसलो.

खड्डा वाटीएवढा होता. तो माझ्या मागोमाग किल्ल्यात आला. जेवताना माझ्या बाकाखाली असायचा, प्रार्थनेला गुडघ्यांपाशी. मी रोज त्यातला केर काढायचो. आपली वस्तू आपणच जपावी लागते.

दादाने ढेकूळ चांदीच्या ताटात ठेवलं. ते वाढू लागलं. आधी त्याच्यावर तांदळाएवढ्या मेंढ्या आल्या, मग पाणचक्की, मग एक चर्च. त्या चर्चची घंटा वाजली की आम्ही जेवायला बसायचो. ढेकूळ जेवढं वाढे तेवढाच माझा खड्डाही वाढे, बोटभर कमी नाही की जास्त नाही. दादा मनाने वाईट नव्हता. एकदा त्याने आपल्या बागेतलं तिळाएवढं नासपती मला दिलं.

"घे धाकट्या, गोड आहे."

खरंच गोड होतं. म्हणूनच जास्त राग आला.

दर उन्हाळ्यात मी वडिलांपुढे उभा राही. "महाराज, मलाही एक ढेकूळ द्या. ओंजळीएवढंच."

"पुढच्या उन्हाळ्यात," ते म्हणत. एकोणीस उन्हाळे त्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसली. मला जमिनीची एवढी हाव नव्हती. त्यांनी एकदा माझ्या हातात काहीतरी ठेवावं, एवढंच वाटायचं.

विसाव्या उन्हाळ्यात दादाची जमीन माझ्या खोलीच्या उंबऱ्याला लागली. म्हातारा कारभारी गिल्बर्ट दारात येऊन अदबीने खोकला.

"धाकटे सरकार, युवराजांच्या जमिनीवर आपला पाय पडतोय."

मी पाय मागे घेतला. सोमवारी पलंग गेला, बुधवारी खिडकी, शुक्रवारी छप्पर. शनिवारी पाय ठेवायला खड्ड्याशिवाय काही उरलं नाही, म्हणून मी आत उतरलो. तो खांद्यापर्यंत आला. आत गारवा होता. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

रविवारी दुपारी वडिलांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांना आता दिसत नव्हतं. त्यांनी चाचपत माझं डोकं शोधलं.

"पोरा, तुझ्यावर मी अन्याय केला. जायच्या आधी तुला तुझं ढेकूळ देतो."

"कुठलं, महाराज? जमीन तर सगळी दादाची."

दादा मागे उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. "माझं घे, धाकट्या. सगळं घे. मी कधीच नाही म्हणालो नसतो. तू मला कधी विचारलंच नाहीस."

ते खरं होतं. मी फक्त वडिलांनाच विचारत आलो होतो.

सोळा माणसांनी ढेकूळ उचललं. मेंढ्या घाबरून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. गिल्बर्टने दोरीने आधी ढेकूळ मोजलं, मग खड्डा मोजला आणि मग पुन्हा ढेकूळ.

"बरोबर बसेल," तो म्हणाला. "कडेला कड लागेल."

मला समजलं होतं. वडिलांना समजलं होतं की नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी हात ढेकळाच्या कडेवर ठेवला, म्हणजे देणारे तेच झाले.

"गुडघे टेक," ते म्हणाले.

मी टेकले. आता माझं डोकं जमिनीच्या खाली गेलं. वर आभाळाचा चौकोन होता आणि त्यात वडिलांचा हात.

"ओंजळ पुढे कर, बाळ."

बाळ ते मला पहिल्यांदाच म्हणाले. मला इतका आनंद झाला की हात आपोआप जुळले. वरून गवताची पांढरी मुळं लोंबताना दिसू लागली. चर्चची घंटा वाजली, जेवणाची वेळ झाली होती. मी ओंजळ वर धरली.